कार्डावरील अपरिचित आकारणी : सॉफ्टवेअर-वर्गणीच्या नोंदींचे वाचन

जमाखर्च ठेवण्याच्या जुन्या मराठी रीतीत प्रत्येक नोंदीला तीन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागत. रक्कम कोणाच्या नावे पडली, कोणाच्या हस्ते गेली आणि कशाबाबत गेली, हे ते तीन प्रश्न होत. आजचे कार्डाचे मासिक विवरणपत्र हीदेखील एक कीर्दच आहे. परंतु तिची घडण निराळी आहे. तीत ‘बाबत’ हा रकाना मुळीच नसतो, आणि ‘नावे’ व ‘हस्ते’ हे दोन्ही तपशील रोमन लिपीतील एका आखूड ओळीत कोंबलेले असतात. परिणामी आपणच दिलेल्या पैशाची नोंद ग्राहकास ओळखता येत नाही, आणि क्वचित् दुसऱ्याने काढलेल्या पैशाची नोंद स्वतःचीच समजून तो स्वस्थ राहतो. सॉफ्टवेअरच्या वर्गणीबाबत हा घोटाळा विशेष आढळतो. ह्या नोंदी कशा तयार होतात, त्या कशा वाचाव्यात आणि त्यांवर हरकत केव्हा व कशी घ्यावी, ह्याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

विद्यापीठीय संशोधकास ह्या विषयाशी काय कर्तव्य, अशी शंका येणे शक्य आहे. तिचे उत्तर संशोधनाची साधने विकण्याच्या पालटलेल्या रीतीत आहे. एके काळी सॉफ्टवेअर एकदाच विकत घेतले जाई व त्याची पावती दप्तरात राही. मायक्रोसॉफ्टने २०११ च्या जूनमध्ये ‘ऑफिस ३६५’ ही वर्गणीची योजना सुरू केली. ॲडोबीने २०१३ च्या मे महिन्यात आपल्या चित्रसंस्कारविषयक साधनांची एकरकमी विक्रीची मालिका पुढे न चालविता केवळ वर्गणीचा मार्ग ठेवण्याचे जाहीर केले. तेव्हापासून संदर्भसूची ठेवण्याची, संख्याशास्त्रीय गणिताची, लेखनशुद्धीची, हस्तलिखितांच्या छायाप्रती साठविण्याची अशी कितीतरी साधने दरमहा अथवा दरसाल पैसे मागणारी झाली. एका प्रबंधाच्या चार-पाच वर्षांत अशा पाच-सहा वर्गण्या सुरू होतात आणि त्यांपैकी दोन-तीन विस्मृतीत जातात. २०२३ च्या १ जानेवारीपासून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती दरमहा रु. ३७,००० ठरली; तीवर निर्वाह करणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने ही गळती क्षुल्लक नाही.

१. नोंदीची घडण

कार्डावर आकारणी झाली की व्यापाऱ्याच्या बँकेकडून व्हिसा, मास्टरकार्ड अथवा रूपे यांच्या जाळ्यामार्फत कार्ड देणाऱ्या बँकेकडे एक संदेश जातो. ह्या संदेशाचा आराखडा आंतरराष्ट्रीय मानक ८५८३ मध्ये ठरविलेला आहे. त्याची पहिली आवृत्ती १९८७ साली प्रसिद्ध झाली. त्यातील ४३ व्या घटकात व्यापाऱ्याचे नाव व ठिकाण यांसाठी एकूण ४० अक्षरांची जागा आहे. व्हिसाच्या रीतीने नावास २५, गावास १३ व देशास २ अशी तिची वाटणी होते. मास्टरकार्डच्या रीतीत नावाच्या वाट्याला २२ च स्थाने येतात. नोंद दोन्ही जाळ्यांत नीट बसावी म्हणून अनेक मध्यस्थ कंपन्या २२ हीच मर्यादा पाळतात. विवरणपत्रातील नावे मध्येच तुटलेली का दिसतात, ह्याचे कारण येथेच सापडते. ‘ओपनएआय *चॅटजीपीटी सबस्क्र’ अशी नोंद अनेकांनी पाहिलेली आहे. ‘सबस्क्रिप्शन’ हा शब्द तेथे अपुरा राहिला, तो छपाईच्या दोषामुळे नव्हे. ती ओळ रोमन लिपीत मोजल्यास बरोबर २२ स्थाने भरते आणि पुढे जागाच उरत नाही.

गावाच्या १३ स्थानांतही नेहमी गावच असते असे नाही. दूरस्थ विक्री करणारे व्यापारी तेथे बहुधा ग्राहकसेवेचा दूरध्वनी क्रमांक किंवा संकेतस्थळाचे नाव घालतात. त्या स्थानी अंकांची रांग दिसली म्हणून नोंद संशयास्पद ठरत नाही. देशाच्या स्थानी जो देश दिसतो तो साधन निर्माण करणाऱ्यांचा असतोच असे नाही; विक्री करणारी उपकंपनी जेथे नोंदलेली असते तो तो देश होय. अमेरिकन साधनाच्या वर्गणीपुढे आयर्लंड अथवा सिंगापूर दिसणे ही नित्याची गोष्ट आहे, कारण अमेरिकेबाहेरील ग्राहकांशी करार करण्यासाठी अनेक कंपन्यांनी अशा देशांत उपकंपन्या स्थापिल्या आहेत.

नोंदीचा आणखी एक घटक विवरणपत्रात सहसा छापला जात नाही, पण बँकेच्या दप्तरी असतो. तो म्हणजे व्यापाराच्या प्रकाराचा चार अंकी संकेतांक. ५७३४ हा सॉफ्टवेअरच्या दुकानाचा, ५८१७ हा खेळ सोडून इतर ॲपच्या विक्रीचा, ५८१८ हा अंकीय वस्तूंच्या मोठ्या विक्रेत्याचा, तर ५९६८ हा वर्गणीवर चालणाऱ्या दूरस्थ विक्रीचा संकेतांक आहे. नाव दुर्बोध असले तरी हा संकेतांक बँकेकडून विचारून घेता येतो, आणि त्यावरून ‘बाबत’ ह्या हरवलेल्या रकान्याचा निदान अंदाज बांधता येतो.

२. ‘नावे’ आणि ‘हस्ते’

सॉफ्टवेअरच्या नोंदीत पुष्कळदा एक तारकाचिन्ह दिसते. ते निरर्थक नाही. तारकेच्या डावीकडे पैसे प्रत्यक्ष स्वीकारणाऱ्याचे नाव असते व उजवीकडे ज्याच्यासाठी ते स्वीकारले त्याचे, अथवा वस्तूचे, नाव असते. जुन्या वहीच्या भाषेत सांगावयाचे तर तारकेच्या डावीकडील मजकूर हा ‘हस्ते’ होय. अपरिचित वाटणाऱ्या नोंदींपैकी पुष्कळ नोंदींचा उलगडा ही एवढी खूण ध्यानात ठेवल्याने होतो.

मध्यस्थ तीन प्रकारचे असतात. पहिला प्रकार केवळ पैसे पोहोचविणाऱ्याचा. पेपल हे त्याचे ठळक उदाहरण. दुसरा प्रकार ॲपच्या बाजारपेठांचा. मोबाइलवरून घेतलेल्या वर्गणीची आकारणी ॲप तयार करणाऱ्याच्या नावे न होता ॲपल किंवा गूगल यांच्या नावे होते. ॲपलच्या बाबतीत एकाच सुमाराच्या दोन-तीन खरेदी एकत्र करून एकच रक्कम आकारली जाणेही शक्य असते. अशा वेळी विवरणपत्रातील रक्कम कोणत्याही एका वर्गणीशी जुळत नाही आणि ग्राहक गोंधळात पडतो. तिसरा प्रकार थोडा अधिक समजावून घेण्याजोगा आहे. लहान सॉफ्टवेअर-निर्माते निरनिराळ्या देशांतील करांचा हिशेब स्वतः ठेवू शकत नाहीत. यास्तव ते आपला माल एखाद्या मध्यस्थ कंपनीस विकतात व ती कंपनी कायद्याने विक्रेता बनून ग्राहकास तो माल विकते. पॅडल व फास्टस्प्रिंग ह्या अशा कंपन्या होत. त्यांची नावे साधनाच्या पडद्यावर ठळकपणे कोठेच येत नाहीत. ती येतात पावतीवर व विवरणपत्रात. म्हणून नोंदीत ‘पॅडल’ हे नाव पाहून ‘ह्या नावाचे काहीच घेतलेले नाही’ असे ग्राहक म्हणतो, ते खरे असते. तरीही आकारणी त्याचीच असू शकते.

मध्यस्थ नसतानाही नावाची फारकत होते, कारण साधनाचे नाव व कंपनीचे नाव एकच असते असे नाही. ‘एसपीएसएस’ २००९ पासून आयबीएमकडे आहे, ‘मेंडेली’ २०१३ साली एल्सव्हिअरने घेतले, ‘झोटेरो’चा कारभार कॉर्पोरेशन फॉर डिजिटल स्कॉलरशिप ही संस्था पाहते, ‘ग्रामर्ली’ कंपनीने २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये आपलेच नाव ‘सुपरह्यूमन’ असे पालटले. साधन तेच राहून धनी बदलला की नोंदीतील नावही बदलू शकते, आणि तीन वर्षे नियमाने दिलेली वर्गणी चौथ्या वर्षी अनोळखी भासू लागते.

३. रकमेची फोड

नावानंतर संशय येतो तो रकमेचा. ‘वर्गणी २० डॉलरची, मग ही रक्कम कोठून आली?’ हा प्रश्न योग्य आहे व त्याचे उत्तर साध्या गणिताने देता येते. परदेशातून मिळणाऱ्या अंकीय सेवांवर भारतातील ग्राहकास १ जुलै २०१७ पासून १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. जाहीर केलेली किंमत पुष्कळदा हा कर धरून नसते. पुढे बँक परकीय चलनाच्या व्यवहारावर आपली अधिक आकारणी लावते. ती अनेक कार्डांवर साडेतीन टक्क्यांपर्यंत असते. शिवाय ह्या अधिक आकारणीवर पुन्हा १८ टक्के कर असतो. उदाहरणादाखल एका डॉलरचा भाव रु. ८५ व बँकेची अधिक आकारणी साडेतीन टक्के धरल्यास हिशेब असा होतो : २० डॉलरवर कर ३.६० डॉलर, मिळून २३.६० डॉलर, त्याचे रु. २,००६, बँकेची आकारणी रु. ७०.२१, तीवरील कर रु. १२.६४, एकूण रु. २,०८८.८५. वर्षाच्या बारा हप्त्यांचे रु. २५,०६६.२० होतात. वर उल्लेखिलेल्या अधिछात्रवृत्तीच्या एका महिन्याच्या रकमेचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग एका साधनापायी जातो, ही गोष्ट ‘महिना वीस डॉलर’ ह्या शब्दांतून जाणवत नाही.

ही फोड विवरणपत्रात नेहमी एकत्र येत नाही. काही बँका चलनावरील आकारणी व तीवरील कर वेगळ्या ओळींत, कित्येकदा काही दिवसांनी, दाखवितात. बारा-तेरा रुपयांची ती एकाकी ओळ परकी वाटते. वस्तुतः ती आधीच्या नोंदीचे शेपूट असते. ह्याउलट, किंमत रुपयांत दाखविली असली तरी विक्रेता परदेशी नोंदलेला असेल तर काही बँका त्यावरही अधिक आकारणी करतात. परताव्याच्या वेळी आणखी एक फरक पडतो. परतावा मूळ चलनात पूर्ण मिळाला तरी त्या दिवशीच्या भावाने त्याचे रुपये होतात. म्हणून वजा झालेली व परत आलेली रक्कम तंतोतंत जुळेलच असे नाही.

अगदी लहान रकमांकडे मात्र दोन दृष्टींनी पाहिले पाहिजे. कार्ड चालू आहे किंवा नाही हे पाहण्यासाठी व्यापारी एक-दोन रुपयांची वा एका डॉलरची आकारणी करून ती सोडून देतात, ही एक निर्दोष रीत आहे. परंतु चोरीचे कार्ड-क्रमांक पारखून पाहणारे लोकही हाच मार्ग वापरतात. नवी वर्गणी घेतली नसताना अशी लहान रक्कम दिसल्यास ‘रक्कम लहान’ म्हणून तिची उपेक्षा करणे योग्य नव्हे.

४. तिथी आणि आवर्तन

एका नोंदीला दोन तारखा असतात. एक व्यवहाराची, दुसरी तो व्यवहार खात्यावर चढल्याची. ह्यांत एक ते तीन दिवसांचे, सुट्ट्या आल्यास अधिक, अंतर पडते. देशादेशांतील घड्याळाच्या फरकानेही तारीख एक दिवस सरकते. म्हणून पावती शोधताना नेमक्या तारखेचा हट्ट न धरता आसपासचे चार दिवस पाहिले पाहिजेत.

मासिक वर्गणीची ओळख आवर्तनावरून लवकर पटते. मागील तीन विवरणपत्रे शेजारी ठेवली की पुरे. खरी अडचण वार्षिक वर्गणीची. ‘झोटेरो’त ३०० मेगाबाइटपर्यंतची साठवण विनामूल्य असते व पुढील जागेसाठी वार्षिक वर्गणी असते. प्रबंधाच्या पहिल्या वर्षी घाईत घेतलेली ही जागा पुढील वर्षी त्याच सुमारास पुन्हा पैसे मागते, तेव्हा तिची आठवण राहिलेली नसते. अशा नोंदीसाठी मागील वर्षाचे त्याच महिन्याचे विवरणपत्र काढून पाहणे हाच उपाय आहे.

विनामूल्य चाचणीची मुदत संपून सुरू होणारी आकारणी हा तिसरा प्रकार. अशा चाचणीनंतरच्या पहिल्या आकारणीच्या नोंदीत तसा निर्देश असावा व मुदत संपण्यापूर्वी किमान सात दिवस ग्राहकास स्मरण द्यावे, असा नियम व्हिसाने एप्रिल २०२० पासून व्यापाऱ्यांना घातला. चाचणी विसरून जाणे ही केवळ ग्राहकाची चूक मानता येत नाही, ह्याची ही एक प्रकारे कबुलीच होय. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत फसव्या मांडणीचे तेरा प्रकार नमूद केले. वर्गणी घेणे सोपे व सोडणे अवघड करून ठेवणारा ‘वर्गणीचा सापळा’ हा त्यांतील एक आहे. अमेरिकेतही ह्याच स्वरूपाचा वाद न्यायालयात गेला. वार्षिक करार परंतु मासिक हप्ते अशा योजनेतून मध्येच बाहेर पडण्याचा दंड नीट उघड केला नाही, असा आरोप करणारा दावा २०२४ च्या जूनमध्ये ॲडोबीविरुद्ध दाखल झाला. वर्गणी बंद केल्यानंतर एकदाच दिसणारी मोठी अनोळखी रक्कम ही असा दंड असू शकते, एवढी गोष्ट वाचकाने त्यावरून ध्यानात घ्यावी.

५. संमतीचा प्रश्न

‘ओटीपी आला नाही, त्याअर्थी ही आकारणी लबाडीची आहे’ असे अनुमान वारंवार केले जाते. ते सदोष आहे. ऑनलाइन कार्ड-व्यवहारास अधिकचे प्रमाणीकरण हवे, हा रिझर्व्ह बँकेचा नियम १ ऑगस्ट २००९ पासून अमलात आला. आवर्ती आकारणीसाठी मात्र २१ ऑगस्ट २०१९ च्या परिपत्रकाने निराळी व्यवस्था लावून दिली. तीनुसार प्रथम नोंदणी करताना ग्राहकाने प्रमाणीकरणासह संमती द्यावयाची; पुढील हप्ते ठराविक मर्यादेपर्यंत ओटीपीवाचून वजा व्हावयाचे. ही मर्यादा आरंभी रु. २,००० होती, १ जानेवारी २०२१ पासून ती रु. ५,००० व १६ जून २०२२ पासून रु. १५,००० झाली. अशी नोंदणी नसलेल्या आवर्ती आकारण्या १ ऑक्टोबर २०२१ पासून थांबविण्यात आल्या, आणि हा दंडक परदेशी व्यापाऱ्यांनाही लागू करण्यात आला.

ह्या व्यवस्थेतील ग्राहकाच्या हिताचा भाग असा की, रक्कम वजा होण्यापूर्वी किमान २४ तास अगोदर बँकेने सूचना पाठवावयाची असते. तीत व्यापाऱ्याचे नाव, रक्कम व तारीख असते आणि त्या हप्त्यास किंवा सबंध अधिपत्रास नकार देण्याची सोय असते. विवरणपत्रातील तुटक ओळीपेक्षा ही सूचना कितीतरी अधिक बोलकी असते. परंतु बँकांकडून येणाऱ्या जाहिरातवजा संदेशांच्या गर्दीत ती पुसली जाते. तेव्हा अपरिचित नोंद दिसताच प्रथम आदल्या दोन-तीन दिवसांचे बँकेचे संदेश पाहावेत.

ओटीपीवाचून आकारणी होण्याचा आणखी एक मार्ग आहे. परदेशी व्यापाऱ्याने परदेशी बँकेमार्फत केलेल्या एकेरी आकारणीस २००९ च्या नियमाने बांधलेले नव्हते. अशा व्यवहारांच्या पडताळणीची यंत्रणा उभारण्यास रिझर्व्ह बँकेने २५ सप्टेंबर २०२५ च्या निर्देशांनी १ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदत घातली. सारांश, ओटीपीचा अभाव हा लबाडीचा पुरावा नव्हे, तसाच तो निर्दोषत्वाचाही नव्हे. परदेशी आकारणीची सोय ज्यास नित्य लागत नाही, त्याने ती बँकेच्या ॲपमधून बंद ठेवावी. कार्डाच्या वापराचे प्रकार असे चालू-बंद करण्याची सोय देण्यास जानेवारी २०२० च्या परिपत्रकाने बँकांना सांगण्यात आले होते.

६. ओळख पटविण्याचा क्रम

वरील विवेचनावरून परीक्षणाचा एक क्रम सिद्ध होतो. प्रथम नोंदीतील नाव बाजूस ठेवून मूळ चलनातील रक्कम व आसपासच्या तारखा घेऊन ई-मेलमध्ये शोध घ्यावा. वरील उदाहरणात २०.०० व २३.६० हे दोन्ही अंक शोधले पाहिजेत. येथे विद्यार्थ्यांच्या बाबतीत एक विशेष अडचण उद्‌भवते. वर्गणी संस्थेच्या ई-मेल पत्त्यावर घेतलेली असते, पदवी मिळाल्यावर तो पत्ता बंद होतो, आणि पावत्या व नूतनीकरणाच्या सूचना त्या मृत पत्त्यावर जात राहतात. कार्ड मात्र जिवंत असते. संस्था सोडण्यापूर्वी प्रत्येक वर्गणीचा पत्ता बदलून घेणे हे ह्यास्तव अगत्याचे आहे.

दुसरी पायरी म्हणजे ॲपल, गूगल व पेपल यांच्या खात्यांतील चालू वर्गण्यांची यादी आणि बँकेच्या संकेतस्थळावरील चालू अधिपत्रांची यादी पाहणे. मोबाइलवरून ॲप काढून टाकल्याने वर्गणी बंद होत नाही. ती ह्या याद्यांतूनच बंद करावी लागते. तिसरी पायरी, त्याच कार्डाचा वापर करणारे कुटुंबीय, जोडकार्डधारक व प्रयोगशाळेतील सहकारी यांस विचारणे. चौथी, मध्यस्थाच्या अधिकृत संकेतस्थळावर जाऊन विचारणा करणे. पॅडलसारख्या कंपन्यांनी तशी सोय ठेवलेली आहे. ग्राहकसेवेचा क्रमांक मात्र महाजालावर सर्वसाधारण शोध घेऊन मिळवू नये. खोटे क्रमांक पसरवून कार्डाचा तपशील काढून घेणाऱ्या टोळ्या ह्याच वाटेवर टपलेल्या असतात. ह्या चारही पायऱ्यांनी उलगडा झाला नाही तर बँकेकडे व्यापाऱ्याचे पूर्ण नाव, व्यापाराचा संकेतांक आणि व्यापाऱ्याच्या बँकेने दिलेला २३ अंकी संदर्भ क्रमांक मागावा.

७. हरकत : कोणती, केव्हा, कोणाकडे

हा सर्व शोध सावकाश करून चालत नाही. ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने ग्राहकाच्या दायित्वाची मर्यादा ठरवून दिली. दोष बँकेचाही नाही व ग्राहकाचाही नाही अशा अनधिकृत व्यवहाराची खबर तीन कामकाजाच्या दिवसांत दिल्यास ग्राहकावर काहीच दायित्व येत नाही; चार ते सात दिवसांत दिल्यास ते मर्यादित राहते; त्यापुढे बँकेचे धोरण लागू होते. खबर मिळाल्यावर दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेने ती रक्कम तात्पुरती जमा करावयाची असते. हे दिवस मोजावयाचे ते बँकेकडून व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून, महिनाअखेरचे विवरणपत्र हाती पडल्यापासून नव्हे. मासिक विवरणपत्राची वाट पाहणाराचे तीन दिवस पुष्कळदा आधीच निघून गेलेले असतात.

येथे दोन परस्परविरुद्ध चुका संभवतात. ओळख न पटलेली आकारणी ‘असेल आपलीच’ म्हणून सोडून देणे ही एक. आपलीच वर्गणी लबाडीची ठरवून बँकेकडे तक्रार करणे ही दुसरी, आणि संशोधकाच्या दृष्टीने तीही कमी हानिकारक नाही. अशा तक्रारीने पैसे व्यापाऱ्याकडून ओढून घेतले जातात. व्यापारी ते खाते बंद करू शकतो, आणि त्या खात्यात साठविलेली संदर्भसूची, टिपणे वा प्रकरणांचे खर्डे हाती लागेनासे होतात. तेव्हा दोन प्रकारच्या हरकतींत भेद करणे आवश्यक आहे. संमतीच नव्हती, तर कार्ड तत्काळ बंद करून बँकेस खबर द्यावी. संमती होती पण रक्कम चुकीची, मुदत संपलेली किंवा वर्गणी आधीच सोडलेली, तर प्रथम व्यापाऱ्यास लेखी कळवावे, अधिपत्र रद्द करावे, आणि दाद न लागल्यास वर्गणी सोडल्याच्या पुराव्यासह बँकेकडे जावे. २०२२ च्या एप्रिलमधील कार्डविषयक निर्देशांनुसार बिलाबाबतच्या तक्रारीचा खुलासा, जरूर तर कागदोपत्री पुराव्यासह, तीस दिवसांच्या आत देणे कार्ड देणाऱ्या संस्थेवर बंधनकारक करण्यात आले. तीस दिवसांत उत्तर न आल्यास किंवा ते असमाधानकारक असल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते.

अमेरिकेत शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांच्या तेथील क्रेडिट कार्डांस १९७४ चा कायदा लागू आहे. चुकीची नोंद असलेले पहिले विवरणपत्र पाठविल्यापासून ६० दिवसांत लेखी हरकत पोहोचली पाहिजे, आणि कार्ड देणाऱ्या संस्थेने तिची पोच ३० दिवसांत द्यावयाची असते. तेथे घड्याळ विवरणपत्रापासून सुरू होते, येथे सूचनेपासून; दोन्ही देशांची कार्डे बाळगणाऱ्याने हा भेद विसरू नये.

कार्ड बदलले म्हणजे जुन्या वर्गण्या आपोआप थांबतात, ही समजूतही सर्वस्वी खरी नाही. नव्या कार्डाचा तपशील जाळ्यामार्फत व्यापाऱ्यास कळविण्याच्या सेवा अनेक देशांत चालू आहेत. वर्गणी थांबवावयाची तर ती ज्याच्याशी करार झाला त्याच्याकडे व बँकेतील अधिपत्राच्या यादीत, अशा दोन्ही ठिकाणी थांबविली पाहिजे.

समारोप

विवरणपत्रातील ओळ हा पुरावा आहे, पण तो अपुरा पुरावा आहे. तिच्या आधारे निर्णय देण्यापूर्वी नाव, मध्यस्थ, रकमेची फोड, तिथी व संमती ही पाच अंगे तपासली पाहिजेत. संशोधन-अनुदानातून खर्च भागविणाऱ्यांस ह्याची आणखी एक बाजू आहे. विवरणपत्र हे बिल नव्हे. लेखापरीक्षकापुढे साधनाचे नाव, मुदत, कर व ग्राहकाचे नाव दाखविणारे बिलच ठेवावे लागते. पंधरा महिन्यांनी खाते बंद पडल्यावर ते मिळविणे दुरापास्त होते. यास्तव वर्गणी घेतल्या दिवशीच बिल उतरवून ठेवावे, आणि एका साध्या वहीत साधनाचे नाव, नोंदीत दिसणारे मध्यस्थाचे नाव, वापराचे प्रयोजन, वापरलेला ई-मेल पत्ता व पुढील आकारणीची तारीख लिहावी. ‘नावे’, ‘हस्ते’ व ‘बाबत’ हे तीन रकाने तीत आपोआप येतात. जे साधन विभागाच्या सामायिक परवान्यात उपलब्ध आहे, ते स्वतःच्या कार्डावर घेण्यापूर्वी ग्रंथालयात वा संगणक-केंद्रात चौकशी करावी. आणि जी वर्गणी सोडावयाची ती सोडण्याआधी तीत साठविलेले सर्व साहित्य आपल्या संगणकावर उतरवून, ते उघडते किंवा नाही हे पाहून घ्यावे. पैसे परत मिळण्यास नियम आहेत, गेलेल्या टिपणांस ते नाहीत.